डीव्हीडी प्लेअर आणायच्या आधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारा

मागच्या महिन्यात कराडहून आत्याचा फोन, प्लेअर गेलाय, ट्रेच बाहेर येत नाहीये, दुकानवाला म्हणतो रिपेअर करण्यात अर्थ नाही नवीन घ्या, तर "कुठला घेऊ ते सांग रे, दोन हजाराच्या वर जायचं नाहीये". तिच्याकडे नाटकांच्या व्हीसीडी आहेत, बिस्किटाचे दोन मोठे डबे भरून, आणि ताईच्या लग्नाची डीव्हीडी आहे ज्यात आमची आजी मांडवात इकडून तिकडे फिरताना दिसते. मोबाइलवर सगळं मिळतं हो, पण आजी नाही मिळत. त्यामुळे ज्यांच्या घरी असे डबे आहेत त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि प्रत्येक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतो, म्हणजे कंपनी कुठली, ऑफर काय, किती वॅट.

मी आत्याला एकच सांगितलं, "आत्या, आधी टीव्हीच्या मागे काय काय भोकं आहेत ते बघ." ती म्हणाली भिंतीला लावलाय, दिसत नाही. मग मोबाइलचा टॉर्च लावून हात मागे घालून चार फोटो काढायला सांगितले, मागचा भाग आणि डावी-उजवी कड दोन्ही, कारण हल्लीच्या टीव्हीला निम्मी सॉकेट कडेला असतात. तुम्हीही हेच करा. प्लेअर टीव्हीला शोभला पाहिजे, टीव्ही काही प्लेअरसाठी बदलणार नाही आपण. आणि फोटो मोबाइलमधे राहू द्या, दुकानात उपयोगी पडतात.

आता फोटोत काय दिसतं त्यावर सगळं.

फक्त ॲन्टेनाचं एकच भोक असेल, जिथे केबलवाल्याची जाड वायर लागते, तर तुमचा टीव्ही खूप जुना डबा टीव्ही आहे. बाजारातल्या बहुतेक डीव्हीडी प्लेअरना ॲन्टेनाच्या वायरीतून चित्र पाठवता येत नाही, ते काम व्हीसीआर करायचा. मधे आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लागते, प्लेअरच्या तीन वायरी त्यात आणि त्यातून ॲन्टेनाची वायर टीव्हीत, मग टीव्हीवर तो चॅनल ट्यून करायचा. चालतं, पण चित्र जरा मुंग्या आल्यासारखं आणि आवाज अशा बहुतेक छोट्या डब्यांमधून मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा नाही. काही जण घरात पडलेल्या व्हीसीआरमधून वायर फिरवतात, ते करू नका, विकतच्या पुष्कळ डीव्हीडींना कॉपी होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजनचं संरक्षण असतं आणि व्हीसीआरमधून गेलं की चित्र सारखं उजळतं-काळवंडतं, लोकांना वाटतं प्लेअर खराब निघाला. खरं सांगायचं तर अशा टीव्हीवर पैसे घालण्यापेक्षा कुणाकडचा तरी एव्ही सॉकेटवाला जुना टीव्ही मिळतोय का बघा.

पिवळं, पांढरं, लाल अशी तीन गोल सॉकेट असतील तर काळजीच नाही. याला दुकानात एव्ही म्हणतात, पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डावा आवाज, लालमधून उजवा. बाजारात मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक स्वस्त प्लेअरला हे असतंच आणि वायर डब्यातच येते. २१ इंची किंवा २९ इंची डबा टीव्हीला हेच पुरतं, एचडीएमआयवाला प्लेअर घेऊन त्याला उगाच जास्त पैसे देऊ नका, ते भोकच नाही तर लावणार कुठे. चित्राचा बारीकसारीक भाग थोडा पुसट होतो, कारण रंग आणि उजेड दोन्ही एकाच वायरीतून कोंबून पाठवलेले असतात, म्हणूनच चट्टेरी-पट्टेरी शर्ट घातलेला माणूस आला की त्याच्या शर्टावर इंद्रधनुष्यासारखे रंग नाचतात. डबा टीव्हीवर लांबून बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

चार बारीक टाचण्यांचं गोल काळं सॉकेट, एस-व्हिडिओ, हे काही जुन्या चांगल्या टीव्हींना असायचं. रंग आणि उजेड वेगवेगळे पाठवतं म्हणून पिवळ्यापेक्षा स्वच्छ. पण स्वस्त प्लेअरना ते आता दिसत नाही, त्याच्या मागे लागू नका.

हिरवं, निळं, लाल अशी तीन सॉकेट म्हणजे कॉम्पोनंट. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून थोडं सावकाश सांगतो. या तिन्हींतून फक्त चित्र जातं, आवाजासाठी पांढरी-लाल जोडी वेगळी लागतेच, म्हणजे एकूण पाच वायरी आणि त्यात दोन लाल. एक लाल चित्राचं, एक लाल आवाजाचं. ही दोन अदलाबदल झाली की माणसांचे रंग विचित्र दिसतात आणि एका बाजूच्या स्पीकरमधून घरघर येते. प्लेअरच्या मागे वाय, पीबी, पीआर अशी अक्षरं असतात, पीआर लिहिलेलं ते चित्राचं लाल. कॉम्पोनंट पिवळ्यापेक्षा खरोखर चांगलं, फरक डोळ्याला दिसतो, आणि प्रोग्रेसिव्ह स्कॅन म्हणजे चित्राच्या सगळ्या ओळी एकाच फेरीत पाठवणं हे पिवळ्या वायरीतून होत नाही, कॉम्पोनंट किंवा एचडीएमआयमधूनच होतं. त्यामुळे प्लेअरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात प्रोग्रेसिव्ह स्कॅन लिहिलंय आणि तुमच्या टीव्हीला फक्त पिवळं सॉकेट आहे तर त्या अक्षरांचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

आता आत्याच्या टीव्हीला काय आहे बघा. जागा वाचवायला कंपन्यांनी हिरवं आणि पिवळं एकाच सॉकेटमधे घातलंय, अर्धं हिरवं अर्धं पिवळं रंगवलेलं, शेजारी एव्ही पण लिहिलेलं. जुन्या प्लेअरची पिवळी पिन त्यातच लावायची असते आणि ते बरोबरच आहे, पण टीव्हीला सांगावं लागतं की ही पिन एव्ही आहे, कॉम्पोनंट नाही. तीन वर्षांपूर्वी टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने सोर्स कॉम्पोनंटवर ठेवला आणि निघून गेला. आत्याने आठ दिवस नाटकं काळी-पांढरी बघितली! चित्र स्पष्ट, आवाज खणखणीत, फक्त रंग नाही, आणि जवळ जाऊन पाहिलं तर चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी. तिला वाटलं व्हीसीडी जुन्या झाल्या, तिने एक-एक काढून ओल्या फडक्याने पुसल्या. मी गेलो, रिमोटवर सोर्सचं बटण दाबलं, खाली एव्हीवर आणलं, आणि रंगमंचावरचा जांभळा पडदा एकदम जांभळा झाला. ती नुसती बघत बसली. म्हणून लक्षात ठेवा, चित्र आहे पण काळं-पांढरं आहे तर डिस्क नाही, प्लेअर नाही, आधी सोर्स आणि पिन बघा. प्लेअरच्या मागे पिवळ्याऐवजी हिरव्यात पिन गेली तरी असंच होतं.

मग नवीन पातळ टीव्हींमधली एक कटकट, तीन सॉकेटच्या जागी एकच बारीक भोक, हेडफोनचं असतं तसं, आणि शेजारी एव्ही इन लिहिलेलं. त्यासाठी एका टोकाला बारीक जॅक आणि दुसऱ्या टोकाला पिवळं-पांढरं-लाल अशी वायर लागते. टीव्हीच्या डब्यात कधी येते कधी नाही. जॅकवर तीन काळ्या रेषा हव्यात, दोनच असतील तर ती नुसत्या आवाजाची वायर, चित्र येणारच नाही. आणि तीन रेषा असल्या तरी सगळ्या वायरी सारख्या नसतात, आत कुठल्या पट्टीवर चित्र आणि कुठल्या पट्टीवर अर्थिंग हे कंपनीप्रमाणे बदलतं. चित्र नाही आणि आवाजात भुंगा असेल तर प्लेअर परत करायच्या आधी पिवळी पिन लालच्या जागी, मग पांढऱ्याच्या जागी लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने चित्र येतं. नाहीच आलं तर त्या टीव्हीचीच वायर मागवा. आणि हेडफोनच्या भोकात घातलेली नाही ना ते एकदा बघा, दोन्ही शेजारी-शेजारी असतात.

शेवटचं एचडीएमआय, चपटं, रुंद, दोन कोपरे कापलेलं भोक. टीव्हीला असेल आणि एखादं रिकामं असेल तर एचडीएमआयवाला प्लेअर घ्या, एकाच वायरीत चित्र-आवाज दोन्ही, रंगीत पिनांची भानगडच मिटली. पण रिकामं आहे का ते मोजा, एक सेट-टॉप बॉक्सने धरलेलं असतं, एक नेटवरचे सिनेमे दाखवणाऱ्या स्टिकने, आणि ३२ इंची स्वस्त टीव्हीला मुळात दोनच असतात. आणखी एक, डब्याच्या आतमधे एचडीएमआय वायर मिळेलच असं नाही, स्वस्त प्लेअरबरोबर सहसा तिरंगी एव्ही वायरच देतात. वेगळी घ्या, दीड मीटरची साधी वायर पुरते, सोन्याचा मुलामा वगैरे सांगून कुणी हजाराची गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

आता डब्यावर १०८०पी अपस्केलिंग असं ठळक लिहिलेलं असतं त्याबद्दल. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीप्रमाणे. व्हीसीडीचं तर ३५२ बाय २८८. फुल एचडी टीव्हीला १९२० बाय १०८० ठिपके भरायचे असतात, तर मधले ठिपके कुणीतरी अंदाजाने भरणारच, प्लेअरने नाही भरले तर टीव्ही भरतो. अपस्केलिंगने आजीच्या चेहऱ्यावरची जी सुरकुती कॅमेऱ्याने टिपलीच नाही ती दिसायला लागणार नाही. एचडीएमआयचा खरा फायदा हा की चित्र आकड्यांच्या रूपातच टीव्हीपर्यंत जातं, मधे रंग विरघळत नाहीत, अक्षरं आणि कडा स्वच्छ राहतात. तेवढ्यासाठी तीन-चारशे रुपये जास्त द्यायला माझी ना नाही, पण दोन एचडीएमआय प्लेअरमधे केवळ अपस्केलिंगच्या नावावर महागडा निवडू नका.

उलटी अडचण पण असते, जुना प्लेअर ठणठणीत आहे आणि नवीन टीव्हीला फक्त एचडीएमआय. अशा वेळी नवीन प्लेअर घ्यायची गरजच नाही, एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टरची छोटी डबी मिळते, चार-पाचशेच्या आसपास, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज. दिशा मात्र बघून घ्या! एचडीएमआय टू एव्ही नावाची हुबेहूब तशीच डबी असते, तीच लांबी तीच रुंदी, ती उलटं काम करते आणि उलटी लावून चालत नाही. आणि डबीला पाच व्होल्टची पॉवर लागते, टीव्हीच्या यूएसबीमधून किंवा मोबाइलच्या चार्जरने, ती वायर लावली नाही तर टीव्ही नो सिग्नल म्हणत बसतो.

सॉकेटचं झालं. पण टीव्हीशी जुळणं एवढ्यावर संपत नाही.

परदेशातून कुणी प्लेअर आणत असेल तर थांबवा. आमच्याच एका नातेवाइकाने अमेरिकेतून प्रेमाने आणलेला, मागे ११० व्होल्ट लिहिलेलं कुणी वाचलं नाही, आपल्या २३० च्या सॉकेटला लावला आणि फट् आवाज होऊन जळका वास. १०० ते २४० लिहिलेलं असेल तरच लावायचा. शिवाय तिकडची पद्धत एनटीएससी, आपली पाल, आणि डीव्हीडीला जगाचे भाग पाडून नंबर दिलेले आहेत, भारत ५ मधे, अमेरिका १ मधे. १ नंबरचा प्लेअर आपल्या ५ नंबरच्या विकतच्या डीव्हीडीला नकार देतो. लग्नाच्या, बारशाच्या घरी किंवा स्टुडिओत बनवलेल्या डिस्कला सहसा असा नंबर नसतो, त्या चालतात. इकडच्या प्लेअरमधे टीव्ही सिस्टिम पाल करून ठेवा म्हणजे मुलीने सिॲटलहून पाठवलेली नातवाची एनटीएससी डिस्क जुन्या डबा टीव्हीवर काळी-पांढरी किंवा वर-खाली सरकताना दिसणार नाही, बरेच स्वस्त प्लेअर हा बदल स्वतः करून देतात.

ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी वाचतो म्हणून काही जण तो घेतात, हरकत नाही, पण नवीन ब्लू-रे प्लेअरना बहुधा एचडीएमआयच असतं, आणि प्रत्येक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतोच असं नाही. आपल्याकडे मराठी सिनेमे आणि नाटकं किती काळ दोन-दोन तीन-तीन व्हीसीडींच्या पाकिटात विकली गेली, एका डिस्कवर सव्वा तास मावायचा म्हणून, तर ज्यांच्याकडे तो साठा आहे त्यांनी डब्यावर व्हीसीडी लिहिलेलं असल्याशिवाय घ्यायचाच नाही.

दुकानात जाताना आपली सगळ्यात वाईट, ओरखडे पडलेली डिस्क बरोबर न्या. एक व्हीसीडी, एक स्टुडिओवाल्याने जाळून, म्हणजे कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून दिलेली डीव्हीडी. विकतची चकचकीत डिस्क कुठलाही प्लेअर वाचतो, खरी परीक्षा त्या जाळलेल्या डिस्कवर होते. दुकानदार लावून दाखवायला कंटाळला तर गोड बोलून आग्रह धरा, आपले पैसे आहेत. डबा उघडून मागची बाजू स्वतः बघा, कारण एकाच मॉडेलच्या नावात एखादं अक्षर बदललं की एचडीएमआय गायब झालेलं असतं आणि पुठ्ठ्यावरचं चित्र तेच. यूएसबी असेल तर पेनड्राइव्ह लावून बघा, स्वस्त प्लेअर बहुतेक फॅट३२ पद्धतीचाच पेनड्राइव्ह ओळखतात आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. आणि रिमोट हातात घेऊन बघा, ज्येष्ठ माणसांसाठी घेत असाल तर बटणांवरची अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय दिसतात का ते बघा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, यावर कुणी लक्ष देत नाही.

जुन्या बाजारातून घेणार असाल तर ट्रे पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, आणि लांब सिनेमाची ८.५ जीबीवाली दोन थरांची डिस्क लावून मध्यापर्यंत पळवा, तिथे थर बदलताना एक क्षण थांबून पुढे गेला तर ठीक, तिथेच अडकला तर लेन्स थकलेली आहे.

घरी आणल्यावर दोन सेटिंग. टीव्हीचा आकार १६:९ आहे की ४:३ ते प्लेअरच्या मेनूत सांगा. पातळ टीव्ही असेल तर १६:९. जुनं लग्नाचं शूटिंग ४:३ मधलं असतं, तरीही माणसं बुटकी-जाड दिसली तर टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ करा, कडेला काळे पट्टे येतील पण आजी जशी होती तशी दिसेल. दुसरं आवाजाचं, एचडीएमआयवर चित्र आहे पण आवाज नाही असं झालं तर डिजिटल ऑडिओ रॉ किंवा बिटस्ट्रीमवरून पीसीएमवर आणा. आणि पिवळ्या वायरीवर असताना मेनूत पी-स्कॅन, म्हणजे तेच प्रोग्रेसिव्ह स्कॅन, चालू करू नका, काही प्लेअरमधे चित्रच जातं, मग मेनू पण दिसत नाही, मग ते परत आंधळेपणाने बंद करायला लागतं.

तर आत्याच्या टीव्हीला दोन एचडीएमआय, एक सेट-टॉप बॉक्सचं, एक रिकामं, आणि ते हिरवं-पिवळं सॉकेट. एचडीएमआय आणि एव्ही दोन्ही असलेला, व्हीसीडी वाचणारा साधा प्लेअर घेतला, वायर धरून दोन हजाराच्या आत बसला. टीव्हीच्या रिमोटच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने लिहिलं, "सोर्स दाबणे, खाली एचडीएमआय २, ओके". लग्नाची डीव्हीडी लावली तेव्हा सप्तपदीपाशी दोन ठिकाणी चित्र अडखळलं, काढून उजेडात धरली तर कडेला बारीक ठिपके पडलेले, पुसून जाणारे नव्हते. पुढच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन जातोय, ती आधी पेनड्राइव्हवर उतरवायची आहे.